शाफ्टला ग्रीस मारता, पण नेमकं कुठं? : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

पेरणीआधीची रोटावेटरची धावपळ सुरू झाली की आमच्याकडं पीटीओ शाफ्टवरच्या, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावरच्या, प्रश्नांची रांग लागते, यंदाही तेच. बरेचसे प्रश्न एकसारखे होते म्हणून त्यातले वेगळे वेगळे निवडून थोडे छाटून इथं घेतलेत, बाकीच्यांनी आपलं उत्तर यातच शोधावं ही विनंती.

प्रश्न : सर, माझा 45 एचपीचा ट्रॅक्टर आहे, सहा फुटी रोटावेटर. शाफ्टच्या जॉइंटमधला चार टोकांचा क्रॉस टिकतच नाही ओ. रोज सकाळी ग्रीस मारतो, ड्रायव्हर पण कामाचा आहे, तरी एका सीझनला दोनदा क्रॉस बदलला, आणि आता पीटीओच्या सीलमधून ऑइल पण गळायला लागलंय. मेकॅनिक म्हणतो सगळा माल ड्युप्लिकेट येतोय. खरंय का?
— एक शेतकरी, राहुरी

उत्तर : ड्युप्लिकेट माल बाजारात आहे, नाही असं नाही. पण तुमच्या पत्रात जाता जाता लिहिलेली ती ऑइल गळतीच खरी भानगड सांगतेय. क्रॉस खराब निघाला तर क्रॉस जाईल, त्याच्याबरोबर पीटीओचं सील कशाला जाईल? दोन्ही एकदम जातायत म्हणजे शाफ्ट लांबीच्या दिशेनं ढकलतोय, आणि तो ढकलतो बहुतेक वेळा सरकणारा पाइप कोरडा पडला म्हणून.

तुम्ही रोज ग्रीस मारता म्हणजे दोन क्रॉसच्या दोन निपलला (ग्रीस गन लावायच्या तोंडाला) मारता असं मी धरून चालतो, कारण दहातले नऊ जण तेवढंच करतात. शाफ्टमधला आतला पाइप बाहेरच्या पाइपात सरकतो ना, त्याला कोणी हात लावत नाही. कारण त्याचा निपल कव्हरच्या आत दडलेला असतो, काही शाफ्टला तर तिथं निपलच नसतो, शाफ्ट ओढून दोन तुकडे वेगळे करून हातानं ग्रीस लावावं लागतं, आणि एवढं सकाळी सकाळी कोण करणार. आता बघा, रोटावेटर बांधावर चढला, ढेकळावर उचलला, वळणावर लिफ्ट केला, की प्रत्येक वेळी ट्रॅक्टर आणि अवजारातलं अंतर बदलतं आणि तेवढा पाइप आत-बाहेर सरकावा लागतो, तोही पूर्ण लोड अंगावर असताना. पाइप कोरडा असेल, आत माती आणि जुन्या ग्रीसचा काला झाला असेल तर तो सरकत नाही, अडकतो, आणि मग सगळा रेटा पुढं पीटीओच्या बेअरिंगवर आणि मागं रोटावेटरच्या गिअर बॉक्समधल्या पिनियनच्या बेअरिंगवर जातो. मधल्या मध्ये क्रॉस चिरडला जातो. म्हणजे तुम्ही क्रॉस बदलत राहिलात, आणि दुखणं राहिलं पाइपात.

टेस्ट सोपी आहे. इंजिन बंद, चावी खिशात, शाफ्ट काढून बांधावर ठेवा आणि दोन माणसांनी दोन टोकं धरून ओढा. हातानं सरकला पाहिजे. हातोडी मागत असेल तर झालं निदान. दोन्ही पाइप वेगळे करा, डिझेलच्या फडक्यानं जुना काला पुसून काढा, आतल्या पाइपवर कुठं घासून चमक आलीय किंवा खड्डा पडलाय का बघा, बारीक कंगोरे असतील तर कानस नाहीतर पॉलिश पेपर मारा, आणि मग सरकतो तेवढ्या सगळ्या भागाला ग्रीसचा पातळ थर द्या. गोळाच्या गोळा भरू नका, तो पुढच्या टोकाला जमतो आणि तिथं मातीला चिकटवून ठेवतो. क्रॉसला बहुतेक कंपन्या दर 8 तासांनी ग्रीस सांगतात, काही नव्या शाफ्टना 50 तास चालतं, ते शाफ्टवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात लिहिलेलं असतं. पाइपसाठी मी म्हणेन आपल्या धुळीत दोन दिवसांच्या वर जाऊ नका.

आता क्रॉसला ग्रीस मारताय तेही बरोबर मारताय का ते बघा. क्रॉसला निपल एक आणि टोकं चार. चारही टोकांच्या सीलमधून जुनं काळं ग्रीस ढकललं जाऊन नवं दिसायला लागलं म्हणजे पोचलं. गन तीनदा दाबली आणि निघालो, असं केलं की जे टोक सैल आहे तिकडूनच सगळं ग्रीस बाहेर येतं आणि घट्ट टोक तसंच कोरडं. एखाद्या टोकातून येत नसेल तर योक (क्रॉस धरणारा दोन कानांचा भाग) धरून इकडं तिकडं हलवत पुन्हा दाबा. वेळ रोजचा शक्यतो संध्याकाळचा ठेवा, काम संपल्यावर जॉइंट गरम असतो, ग्रीस आतपर्यंत जातं आणि रात्रीच्या दवाचं पाणी आत शिरायला जागा राहत नाही.

जुना क्रॉस फेकला नसेल तर एक काम करा, तो पुसून उन्हात धरा. ज्या दांड्यांवर टोपीतल्या बेअरिंगच्या सुया फिरतात तिथं नखाला लागतील अशा समांतर रेघा दिसतात का बघा. रेघा एकाच बाजूला असतील तर झटके आणि ओव्हरलोड, म्हणजे क्लच झटकन सोडणं, दगडात रोटावेटर घालणं वगैरे. दांडी निळसर पडलीय म्हणजे कोरडी चालून तापली. आणि टोपीच्या कडेला विटेच्या रंगाची भुकटी असेल तर ते ग्रीस संपून लोखंड लोखंडाला घासल्याचं लक्षण, ही भुकटी क्रॉस तुटायच्या बऱ्याच आधी दिसायला लागते, म्हणून ग्रीस मारताना नजर तिकडं असू द्या.

एवढं करून तरी गेला तर दोन गोष्टी अजून. एक, शाफ्टची लांबी. ट्रॅक्टर बदलला पण शाफ्ट जुनाच, असं असेल तर लिफ्टच्या ज्या पोझिशनला अंतर सगळ्यात कमी होतं तिथं पाइप पूर्ण आत जाऊन टेकत असेल. तिथं निदान 25 मिमी जागा शिल्लक हवी, आणि जिथं सगळ्यात लांब ताणला जातो तिथंही पाइपाचा तिसरा हिस्सा तरी एकात एक हवा. जास्त लांब असेल तर दोन्ही पाइप आणि दोन्ही कव्हर सारख्याच मापानं कापायचे आणि कापल्यावरचा कीस आतून साफ करायचा, तो विसरला की पाइपात रेती टाकल्यासारखंच. दुसरी गोष्ट जोडणी. दुरुस्तीनंतर पाइप पुन्हा एकात एक घालताना आतल्या बाजूचे दोन्ही योक एका रेषेत हवेत. चौकोनी पाइप चुकीच्या बाजूनं सहज बसतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. जॉइंट वाकडा असताना पुढचा भाग एकसारखा फिरत नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. 25 अंशाला पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांनी फिरत असेल तर पुढचा भाग प्रत्येक फेऱ्यात दोनदा 490 पर्यंत उतरतो आणि दोनदा 595 पर्यंत चढतो. दुसरा जॉइंट ही चढउतार मिटवतो, पण योक एका रेषेत असतील आणि दोन्हीकडचा अँगल सारखा असेल तरच, नाहीतर ती दुप्पट होऊन गिअर बॉक्सला बसते. वळणावर रोटावेटर उचलताना पीटीओ बंद करावा म्हणतात आणि कोणी करत नाही, मला माहितीये. मग निदान लिफ्टच्या लिव्हरचा स्टॉपर खाली घ्या, पाती जमिनीतून सुटतील एवढाच उचलू द्या, आभाळापर्यंत कशाला.

प्रश्न : दुकानात पिवळं, निळं, लाल, हिरवं, काळं असं पाच रंगाचं ग्रीस आहे. दुकानदार म्हणतो लाल सगळ्यात भारी. शाफ्टला कोणतं घ्यावं? आणि घरी इंजिनचं जळकं ऑइल भरपूर पडलंय, ते पाइपात ओतलं तर चालेल का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : रंगावर जाऊ नका, तो कंपनी टाकते, त्याचा दर्जाशी काही संबंध नाही. डब्यावर वाचायचं ते हे: लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स, ईपी (जास्त दाब सोसणारं), आणि एनएलजीआय 2 (ग्रीसच्या घट्टपणाचा नंबर). हे तीन शब्द असले की रंग कोणता का असेना. स्वस्तातलं कॅल्शियमचं चेसिस ग्रीस पाण्याला चांगलं टिकतं पण शंभर डिग्रीच्या आसपासच पातळ होऊन वाहायला लागतं, लिथियमचं 180 च्या पुढं जातं. डब्यावर मॉली लिहिलेलं असेल (घर्षण कमी करणारी काळी भुकटी), तर ते सरकणाऱ्या पाइपला छान.

रंगापेक्षा मोठा घोळ दोन जातींची ग्रीसं एकत्र करण्यात आहे. काही जाती एकमेकांत मिसळल्या की पातळ पाणी होतात, काही घट्ट साबण होतात, त्यामुळं एकदा एक धरलं की तेच ठेवा, बदलायचंच असेल तर जुनं पूर्ण बाहेर पडेपर्यंत नवं मारा. ग्रीसचा डबा उघडा ठेवून गन भरणाऱ्यांना तर हात जोडतो, डब्यात उडालेली माती थेट बेअरिंगमध्ये जाते.

जळकं ऑइल नको. ते पाइपात थांबत नाही, वाहून जातं, आणि जे राहतं त्यात इंजिनचा कीस आणि काजळी. शिवाय हाताला सारखं लागणं त्वचेला चांगलं नाही.

प्रश्न : क्रॉसचा निपल ग्रीसच घेत नाही. गनच्या तोंडातूनच सगळं बाहेर येतं. पोरगं म्हणतंय गॅसनं गरम करून बघू, नाहीतर पंक्चरवाल्याकडच्या हवेच्या गननं प्रेशर देऊ. करावं का?
— एक काका, परांडा

उत्तर : काका, पोराला थांबवा आधी. गरम केलं की सील जळणार आणि हवेच्या गनचं प्रेशर एवढं असतं की ग्रीस जायच्या आधी सीलच उलटं होऊन बाहेर येतं.

निपल फडक्यानं पुसा, टोकाच्या बारीक गोळीला खिळ्यानं हलकं दाबून बघा आत जाऊन परत येते का. येत नसेल तर निपल काढून नवा टाका, तो फार किरकोळ किमतीचा असतो, त्यासाठी एवढी खटपट करायचीच नाही. नव्या निपललाही गन धरत नसेल तर गनचं तोंड झिजलंय, ते पण सुटं मिळतं. निपल काढल्यावर त्याच भोकातून तारेनं वाळलेलं ग्रीस खरवडा, थोडं डिझेल सोडा, जॉइंट चारी बाजूंना फिरवा आणि मग नवा निपल लावून मारा. तरीही घेतलं नाही तर आत सुया बसून गेल्यात, क्रॉस बदला. नवा क्रॉस टाकताना निपलचं तोंड पाइपाच्या बाजूला आणि दोन्ही क्रॉसचे निपल एका रेषेत येतील असं बसवायला सांगा, म्हणजे पुढच्या वेळी शाफ्ट एकदाच फिरवला की दोन्हीकडं गन लागते. आणि टोपी ठोकताना आतली एक जरी सुई आडवी पडली तर टोपी पूर्ण बसत नाही, टोपी अडकवणारी सरक्लिप खाचेत जात नाही. तिथं मेकॅनिक अजून दोन हातोडे घालायला लागला की थांबवा त्याला.

प्रश्न : द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर चालवतो, ओढायचा आहे, लिफ्टवरचा नाही. ओळ संपून वळताना शाफ्ट खडखड खडखड करतो. सरळ चालताना काही नाही. आणि शाफ्ट लवकर गंजतो, रोटावेटरचा तेवढा गंजत नाही.
— एक बागायतदार, तासगाव

उत्तर : वळताना ट्रॅक्टर आणि ब्लोअरमधला अँगल एवढा होतो की साधा जॉइंट त्याच्या हद्दीबाहेर जातो. साध्या क्रॉसला साधारण 35 अंशाच्या वर फिरत्या स्थितीत नेऊ नये, आणि सतत चालायचं तर 15 च्या आत बरं. तुमच्या बागेत ओळीच्या टोकाला जागा कमी म्हणजे वळण जागच्या जागी, तिथं अँगल कुठल्या कुठं जातो. तो खडखडाट म्हणजे योकचे कान एकमेकांवर आपटतायत, कधी तरी कान तुटेल. वळताना पीटीओ बंद करा, तसंही वळणावर औषध वाया घालवण्यात काय अर्थ आहे. जमत नसेल तर ट्रॅक्टरच्या बाजूला मोठ्या अँगलचा जोड जॉइंट असलेला शाफ्ट मिळतो, महाग आहे पण पुन्हा पुन्हा योक बदलण्यापेक्षा परवडतो. त्या जोड जॉइंटला मात्र ग्रीस जास्त लागतं आणि मधल्या भागालाही निपल असतो, तो चुकवू नका. साधाच शाफ्ट ठेवला तर जोडणीचा पॉइंटही बघून घ्या, ओढायची पिन दोन्ही क्रॉसच्या साधारण मध्यावर आली पाहिजे, नाहीतर दोन्हीकडचे अँगल सारखे राहत नाहीत.

गंज बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवारणीचा आहे. मोरचूद लोखंडाला खातं हे तुम्हाला आम्ही काय सांगायचं, पंपाच्या टाकीसाठी तुम्ही प्लास्टिक वापरता ते त्यासाठीच. फवारणी झाली की ब्लोअर धुता तसा शाफ्टही साध्या पाण्यानं धुवा, पण पाण्याची धार थेट क्रॉसच्या सीलवर मारू नका, आणि धुतल्यावर लगेच ग्रीस मारा म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर ढकललं जाईल. लॉकच्या पिनला ग्रीस नको, तिथं दोन थेंब ऑइल. ग्रीस लावलं की त्यात माती जमून पिन अर्धवट बाहेर राहते, लॉक बसल्यासारखं वाटतं आणि चालू शाफ्ट निसटतो. लावल्यावर एकदा मागं ओढून बघायची सवय ठेवा.

प्रश्न : आमच्याकडं धानाची चिखलणी रोटावेटरनंच होते जी. दिवसभर शाफ्ट पाण्या-चिखलात. ग्रीस मारून काही फायदा होते का, पाण्यात तर धुऊनच जाते.
— एक शेतकरी, लाखांदूर, जि. भंडारा

उत्तर : होतो ना, चिखलणीतच तर सगळ्यात जास्त होतो. तुमच्याकडं 8 तासांचा हिशोब विसरा, दुपारी जेवायला थांबता तेव्हा एकदा आणि संध्याकाळी बांधीतून बाहेर निघाल्यावर एकदा. संध्याकाळचं महत्त्वाचं, गरम जॉइंट पाण्यात थंड होताना पाणी आत ओढून घेतो आणि रात्रभर ते सुयांवर बसतं. बाहेर पांढरट दुधासारखं ग्रीस आलं तर समजायचं पाणी आत गेलंय, रंग साफ होईपर्यंत मारत राहा. कव्हरच्या आत साचलेला चिखल वाळायच्या आत काढा, वाळला की तो आतून पाइपाला घासतो. चिखलणीला कॅल्शियम सल्फोनेटचं ग्रीस मिळालं तर पाण्याला जास्त टिकतं, पण आधीचं पूर्ण बाहेर काढूनच टाका.

प्रश्न : दादा, आमच्या सोयाबीनच्या थ्रेशरच्या शाफ्टचं प्लास्टिकचं कव्हर यांनी काढून ठेवलंय. म्हणतात ग्रीस मारायला आड येतं आणि फिरताना आवाज करतं. आम्ही बाया तिथंच पेंढ्या टाकतो. मी बोलले तर म्हणतात तुला काय कळतं मशीनमधलं.
— एक ताई, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, तुम्हाला बरोबर कळतंय. हे पान त्यांच्या हातात द्या, पुढचं त्यांच्यासाठीच लिहितो.

दादा, पीटीओ 540 नं फिरतो म्हणजे सेकंदाला 9 फेरे. उघड्या योकचा घेर साधारण 25 सेंटिमीटर धरा, म्हणजे सेकंदाला सव्वादोन मीटर कापड गुंडाळलं जातं. सहावारी साडी अडीच सेकंदात संपते. तुम्ही ट्रॅक्टरपर्यंत धावत जाऊन क्लच दाबेपर्यंत काय होईल ते लिहायची गरज नाही. उपरणं, पंचा, सैल शर्टाची बाही, सुटे केस, सगळ्यांना हाच हिशोब. पॉवर थ्रेशरसाठी 1983 पासून धोकादायक यंत्रांचा वेगळा केंद्रीय कायदा आहे आणि मजुराला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी त्यात यंत्र वापरणाऱ्या मालकावर आहे, हेही माहीत असू द्या.

आता तुमची तक्रार. कव्हर आवाज करतं कारण त्याच्या दोन्ही टोकांना आत प्लास्टिकची रिंग-बेअरिंग असते आणि तिला कोणी कधीच ग्रीस दिलेलं नाही. तिलाही दर 8 तासांनी थोडं ग्रीस लागतं, बहुतेक कव्हरला त्यासाठी छोटा निपल किंवा भोक असतं. ती रिंग कोरडी पडली की कव्हर शाफ्टबरोबर फिरायला लागतं, ते फिरू नये म्हणून लावलेली साखळी तुटते, मग कव्हर फाटतं आणि मग आपण म्हणतो कव्हरच कटकटीचं. बंद शाफ्टवर कव्हर हातानं फिरवून बघा, मोकळं फिरलं पाहिजे. साखळी ट्रॅक्टरच्या आणि थ्रेशरच्या न हलणाऱ्या भागाला अडकवा, तिच्यावर शाफ्ट लटकवू नका. क्रॉसचा निपल कव्हरमुळं सापडत नाही म्हणता, तर कव्हरच्या टोकाला बघा, बऱ्याच कव्हरना गन घालायला खिडकी असते किंवा लॉक सोडून कव्हर मागं सरकतं. पीटीओ बंद करून शाफ्ट हातानं फिरवून निपल खिडकीसमोर आणायचा. नवं कव्हर सुटं मिळतं, आणि तेच आधी आणा. शाफ्टकडून पलीकडं जायचं असेल तर ट्रॅक्टरला वळसा घालून जायचं, वरून ओलांडायचं नाही, आणि हे घरातल्या पोरांनाही.

प्रश्न : रोटावेटर आता चार महिने उभा राहणार. शाफ्ट कसा ठेवू? आणि त्यावर स्प्रिंगवाला स्लिप क्लच आहे, त्याला पण ग्रीस भरून ठेवू का?
— एक वाचक, शिरोळ

उत्तर : शाफ्ट काढून, पाइप वेगळे करून, पुसून, ग्रीस लावून आडवा ठेवा, शेडमध्ये. पीटीओवरच्या सहा खाचांनाही थोडं ग्रीस आणि वर टोपी. शिअर बोल्ट (जास्त लोड आला की मुद्दाम आधी तुटणारा) तुटला असेल तर आत्ताच कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचा आणून ठेवा, ऐन हंगामात सापडत नाही म्हणून जाडजूड बोल्ट घालणारे नंतर गिअर बॉक्स उघडतात.

स्लिप क्लचच्या प्लेटांना ग्रीस अजिबात नाही, एक थेंब ऑइलही नाही. ती घर्षणावर चालते, ग्रीस लागलं की रोटावेटर मातीत गेला की नुसतीच घसरणार. चार महिन्यांत दमट हवेनं प्लेटा एकमेकींना चिकटतात हा तिचा खरा त्रास, आणि चिकटलेली क्लच दगड लागला तरी घसरत नाही. त्यामुळं ठेवताना स्प्रिंगची लांबी स्केलनं मोजून शेडच्या भिंतीवर खडूनं लिहा आणि नट सैल करा. हंगामाला काढाल तेव्हा शाफ्ट जोडून, कव्हर लावून, माणसं लांब करून, रोटावेटर जमिनीत टेकवून पीटीओ दोन-तीन सेकंद द्या, प्लेटा घसरून मोकळ्या होतील, थोडा धूर दिसला तर घाबरू नका. मग इंजिन बंद करून, क्लच थंड होऊ देऊन, नट भिंतीवरच्या मापापर्यंत परत आवळा, सगळे सारखे.